आत्याच्या मशीनमधला दगड

आमच्या आत्याच्या खोलीत पाहुण्याला पहिल्या रात्री झोप लागत नाही. पंख्याची घरघर चालते, हायवेवरचे ट्रकही चालतात. पण पलंगाशेजारी चाकांवर उभं असलेलं ते बुटकं पांढरं मशीन दर काही सेकंदांनी 'फुस्स' करून उसासा टाकतं, त्याला सरावायला दोन रात्री जातात. आत्याला आता तो आवाज ऐकूच येत नाही. उलट वीज गेली, आवाज थांबला, की तिला जाग येते.

"अगं, दिवसभर मी धापा टाकते आणि रात्रभर हे," ती म्हणते. "एकमेकांना सोबत."

आत्याची फुप्फुसं चुलीने खाल्ली. तिने जन्मात कधी विडी ओढली नाही, पण ओल्या बाभळीचा आणि गोवऱ्यांचा धूर चाळीसेक वर्षं तोंडावर घेतला. डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांतल्या श्वासवाटा कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असल्याचं सांगितलं, बोटाला चिमटा लावून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा पाहिला, पुढच्या तपासण्या केल्या आणि घरी ऑक्सिजन लावा म्हणाले, दिवसाचे निदान 15 तास. या पंधरा तासांमागे पुरावा आहे. 1980 आणि 1981 साली अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन कायमच फार कमी असतो, असे सीओपीडीचे रुग्ण रोज इतके तास ऑक्सिजन घेत राहिले तर जास्त जगतात, हे त्यांतून दिसलं होतं.

आता हिशोब मांडू. आत्याला लागतो मिनिटाला 2 लिटर, म्हणजे तासाला 120 आणि पंधरा तासांचे 1800 लिटर. कोविडच्या दिवसांत ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं त्या जंबो सिलिंडरमध्ये सुमारे 7000 लिटर ऑक्सिजन मावतो. म्हणजे चार दिवससुद्धा पुरायचा नाही. महिन्याला सात-आठ जंबो गावातून आणायचे, उतरवायचे, जोडायचे, रिकामे परत पाठवायचे. आणि इथे हे मशीन तीन वर्षं भिंतीच्या प्लगला लावलेलं आहे. त्यात कधी कुणी काही भरलेलं नाही. आत्याच्या चौथीतल्या नातवाने एकदा सरळ विचारलं, "आजी, ह्याच्यात ऑक्सिजन ओततात कुठून?" घरातल्या मोठ्या माणसांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. तेव्हापासून या विषयाने माझा पिच्छा पुरवला.

उत्तर असं, की हे मशीन ऑक्सिजन बनवतच नाही. ते खोलीतली हवा आत ओढतं. तीच हवा, जी आत्याही घेते आणि मीही घेते. तिच्यात 78 टक्के नायट्रोजन, जवळजवळ 21 टक्के ऑक्सिजन, एक टक्क्याला थोडा कमी आर्गॉन आणि बाकी चिल्लर. त्यातला नायट्रोजन तेवढा काढून घेतला, की उरतो तो बहुतेक ऑक्सिजनच. गहू नाही पिकवायचा, खडे वेचायचे. फक्त इथे सुपात शंभरातले अठ्ठ्याहत्तर खडे आहेत आणि खडा नि गहू दिसायला एकसारखे.

एकसारखे म्हणजे किती? दोन्ही वायूंना रंग नाही, वास नाही. दोघांचे रेणू दोन-दोन अणूंचे. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले, तर ऑक्सिजनच्या रेणूची जाडी भरते अशा साधारण 3.46 भागांइतकी आणि नायट्रोजनची 3.64. एवढ्या फरकावर कुठली चाळणी लावणार? मोठे कारखाने चाळणीच्या भानगडीत पडत नाहीत. ते हवा अतिशय थंड करून तिचा द्रव करतात. नायट्रोजन उणे 196 अंश सेल्सिअसला उकळतो, ऑक्सिजन उणे 183 ला, त्यामुळे तापमान सांभाळत दोघांना वेगळं काढता येतं. टँकरमधून रुग्णालयात येतो तो द्रव ऑक्सिजन असाच निघतो. पण हा खटाटोप पलंगाशेजारी, सुपारीच्या डब्याच्या बाजूला, कसा होणार?

गेल्या दिवाळीत सर्व्हिसिंगला आलेल्या मुलाने मशीनचं मागचं झाकण काढलं, तेव्हा मी मुद्दाम पुढ्यात जाऊन बसले. आत पाहण्यासारखं फारसं नव्हतं. तळाशी कॉम्प्रेसर, त्याला गार ठेवणारा पंखा, नळ्या, एक व्हॉल्व्ह, आणि शेजारी शेजारी उभ्या दोन ॲल्युमिनियमच्या नळकांड्या. माझी उत्सुकता पाहून त्याने पिशवीतून जुन्या मशीनच्या कापलेल्या नळकांडीतले दाणे काढून माझ्या तळहातावर ओतले. मळकट पांढरे, गोल, राजगिऱ्याएवढे. बोटांनी चुरडले तर खडूसारखी भुकटी. "हेच नायट्रोजन खातात," तो म्हणाला.

खात नाहीत, चिकटवून घेतात. पण मुलाचं चुकलं असं म्हणवत नाही, कारण भूक तशीच आहे.

या दाण्यांचं नाव झिओलाइट. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची ती एक चौकट असते, आणि ती चौकट जवळजवळ सगळी पोकळच. खोल्या, दारं, बोळ, पुन्हा खोल्या, सगळं एकाच मापाचं, लाखो-कोटी वेळा तसंच्या तसं. पोकळ्यांच्या भिंतींचं क्षेत्रफळ मोजलं तर एका ग्रॅममध्ये पाचशे-सहाशे चौरस मीटर भरतं. माझ्या मुठीत जेमतेम पन्नास ग्रॅम असतील. म्हणजे त्या मुठीत सहा-सात एकर रान होतं. आत्याच्या वाटणीला आलेल्या जमिनीपेक्षा जास्त.

आता नायट्रोजनच का अडकतो? झिओलाइटला रेणूंची चाळणी म्हणायची पद्धत आहे. जे. डब्ल्यू. मॅकबेन या रसायनशास्त्रज्ञाने 1932 मध्ये ते नाव रूढ केलं आणि काही झिओलाइटांना ते तंतोतंत लागू पडतं. त्यांच्या दारातून बारका रेणू आत जातो, जाडा बाहेर राहतो. पण आत्याच्या मशीनमधल्या झिओलाइटची दारं इतकी ऐसपैस आहेत, की नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोघेही बिनदिक्कत आत शिरतात. म्हणजे इथे चाळणी हा शब्द चक्क फसवा आहे. इथे चालतं ते चिकटणं.

चौकटीत जिथे जिथे सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलेलं असतं, तिथे एक ऋण विद्युतभार शिल्लक राहतो. तो फेडायला भिंतीलगत सोडियमचा नाहीतर लिथियमचा धनभारित आयन येऊन बसतो. नायट्रोजनचा रेणू एकूण तटस्थ खरा, पण त्याच्यातला भार सारखा पसरलेला नसतो. दोन्ही टोकं किंचित ऋण, मध्य किंचित धन. ऑक्सिजनमध्येही असं असतं, पण कितीतरी कमी. म्हणून आयनाच्या शेजारून जाताना नायट्रोजन टोकाने त्याला चिकटतो आणि ऑक्सिजन बहुतांशी निसटून पुढे जातो. पावसाळा सरल्यावर माळावरून चालून आलं की लुगड्याच्या काठाला कुसळं लागलेली असतात. वाटेत गवताची पातीही तेवढीच घासलेली असतात, पण काठाला लागून येतात ती कुसळंच. आकार नव्हे, टोक महत्त्वाचं. लिथियमचा आयन सोडियमपेक्षा लहान, त्यामुळे त्याची ओढ जास्त तिखट, आणि म्हणून खांद्याला अडकवून नेण्याच्या छोट्या मशीनमध्ये लिथियमवाले दाणे घालतात.

इथवरचं मला वाचून कळलं होतं. खरा अचंबा पुढे होता. लुगड्याला कुसळं भरली की भरली, मग नवीन कुसळ लागणार कुठे? दाणे काही क्षणांत नायट्रोजनने गच्च भरतात. तापवले तर रिकामे होतात, हे ठाऊक होतं. पण भट्टी पेटवा, तापवा, निववा, यात तास जातात. आत्या तेवढा वेळ काय करणार?

ही गाठ सोडवण्यात चार्ल्स स्कार्स्ट्रॉम या अमेरिकन संशोधकाचा मोठा हात होता. तेव्हा तो एस्सो या तेलकंपनीच्या संशोधन विभागात होता, आणि त्याला पेटंट मिळालं 1960 साली. फ्रान्समध्येही त्याच सुमारास अशीच एक पद्धत निघाली होती. स्कार्स्ट्रॉमचं म्हणणं साधं होतं. तापवू नका, नुसता दाब सोडा. जत्रेतल्या रेटारेटीत माणसं कठड्याला चिकटून उभी राहतात आणि गर्दी ओसरली की आपापल्या वाटेने निघून जातात, तसं. दाब वाढवला की नायट्रोजन भिंतींना चिकटतो, दाब उतरवला की सुटतो. आगीचं काम नाही.

म्हणून नळकांड्या दोन. लोहाराच्या जोडभात्यासारखं त्यांचं आळीपाळीने चालतं. कॉम्प्रेसर एकीत हवा दाबतो. तिच्यातला नायट्रोजन अडकतो आणि वरून ऑक्सिजन निघून आत्याच्या नळीकडे जातो. तोवर दुसरी आपला दाब सोडून साठलेला नायट्रोजन बाहेर टाकते. काही सेकंदांत व्हॉल्व्ह फिरतो आणि पाळी बदलते. रात्रभर ऐकू येणारा तो 'फुस्स' म्हणजे ही पाळी बदलण्याची वेळ. मशीन दम टाकत नाही, नायट्रोजन टाकतं.

यातली मला सगळ्यात आवडलेली खुबी वेगळीच आहे. दाब सोडल्यावरही थोडा नायट्रोजन आत रेंगाळतो. त्याला हुसकायला मशीन स्वतःच तयार केलेल्या ऑक्सिजनमधला काही भाग उलट्या दिशेने दुसऱ्या नळकांडीतून सोडतं. चांगला मेहनतीने वेगळा काढलेला ऑक्सिजन, आणि त्यातला काही हिस्सा मुद्दाम वाया! पण शेतकऱ्याच्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. सगळं धान्य खाऊन चालत नाही, बियाणं बाजूला काढावंच लागतं. त्यामुळे मिनिटाला 5 लिटर देणाऱ्या मशीनला त्रैराशिकाने 22-24 लिटर हवा पुरायला हवी, प्रत्यक्षात मात्र ते त्याहून बरीच जास्त ओढतं.

आणि इतकं करूनही शंभर टक्के ऑक्सिजन मिळत नाही. उत्तम मशीनसुद्धा 95-96 टक्क्यांशी येऊन थबकतं. मध्ये आडवा येतो आर्गॉन. तो इतका अलिप्त, की आयनांकडे ढुंकूनही पाहत नाही आणि ऑक्सिजनच्या बरोबरीने चालत बाहेर पडतो. नायट्रोजनचा शेवटचा रेणू वेचून काढला तरी उरलेल्यात 21 ला 1 या हिशोबाने आर्गॉन राहणारच. फुप्फुसांना त्याचं काही नाही. प्रत्येक श्वासात तो जन्मापासून आहेच.

झिओलाइट हा शब्द मी तोवर कारखान्यातला समजत होते. तो निघाला दगडाचा. ॲक्सेल क्रोनस्टेट नावाचा स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ, निकेलचा शोध लावणारा तोच, 1756 मध्ये एक खनिज फुंकनळीच्या ज्योतीत तापवत होता. दगड वितळण्याआधी फसफसला. बुडबुडे आले, वाफ सुटली. त्याने ग्रीक शब्द जोडून नाव ठेवलं, 'उकळणारा दगड'. वाफ होती दगडाच्या पोकळ्यांत बसलेल्या पाण्याची. पुढे 1840 मध्ये दामूर या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने दाखवलं, की असा स्फटिक तापवून कोरडा केला तरी तो ढासळत नाही, आणि पुन्हा पाणी दिलं की तेवढंच पिऊन घेतो. भाडेकरू गेले, घर शाबूत. सगळं मर्म यात होतं, पण ते घर पाण्याऐवजी नायट्रोजनला भाड्याने देण्याची कल्पना यायला शंभराहून अधिक वर्षं जायची होती.

आणि असे दगड सापडतात कुठे? हे वाचताना मी आत्याच्याच घरी होते, सिन्नर तालुक्यात. डोकं वर केलं तर समोर शोकेस. त्यात नातवाचे कप, शंकराची पिंड, आणि विहीर खोदताना निघालेला म्हणून आत्याच्या मामंजींनी ठेवलेला एक दगड. काळ्या कातळाच्या तुकड्यावर फिक्या गुलाबी-मोतिया रंगाचे स्फटिक. गव्हाची पेंढी मधोमध आवळून बांधावी आणि दोन्ही टोकं फुलावीत, तसे. लहानपणापासून आम्ही त्याला गारगोटी म्हणत आलो. ती गारगोटी नव्हे. गारगोटी क्वार्ट्झच्या घराण्यातली. हे होतं स्टिल्बाइट, अस्सल झिओलाइट. क्रोनस्टेटच्या ज्योतीत फसफसलं ते हेच खनिज, असं मानतात.

दख्खनचा काळा पाषाण झिओलाइटांसाठी जगात नावाजलेला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. निवताना त्यात वायूचे बुडबुडे कोंडले आणि खडकात पोकळ्या राहिल्या, जाळीदार घावनात राहतात तशा. मग त्या पोकळ्यांतून गरम, क्षारयुक्त पाणी झिरपत राहिलं आणि सवडीने स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, शिंपल्यासारखी चमक असलेलं ह्यूलँडाइट, साळिंदराच्या काट्यांसारखं पांढरंशुभ्र स्कोलेसाइट. नाशिक, पुणे, जळगाव, नगर या भागांत विहिरीला सुरुंग लागला किंवा खाणीत फोड झाली, की यांचं घबाड उघडं पडतं. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात ते काचेआड, दिव्यांखाली मांडून ठेवलेलं आहे. दगड बघायला तिकीट काढून जायचं म्हणजे आमच्या गावात हसतात, पण एकदा जाऊन आलेला पुन्हा हसत नाही.

इथे मला हात आवरायला हवा. आत्याच्या शोकेसमधला दगड कुटून मशीनमध्ये घातला तर भागणार नाही. स्टिल्बाइटचे बोळ अरुंद आहेत. मशीनमधल्या दाण्यांची चौकट जुळते ती फोजासाइट नावाच्या दुसऱ्या एका खनिजाशी. ज्वालामुखींचा अभ्यास करणाऱ्या फोजा द सँ-फाँ या फ्रेंच भूवैज्ञानिकाचं नाव त्याला दिलेलं आहे, आणि ते निसर्गात फार विरळा. म्हणून माणसाने ती चौकट कारखान्यात उभी केली. युनियन कार्बाइड कंपनीत रॉबर्ट मिल्टनने 1949 च्या सुमारास सोडियमयुक्त सिलिकेट आणि ॲल्युमिनेट एकत्र करून जेलीसारखा लगदा केला, भरपूर पाणी ठेवलं आणि उकळत्या पाण्याच्या आसपासच्या मवाळ उष्णतेवर तो मुरू दिला. काही तासांत स्फटिक तयार. दह्याला लागतो तेवढाच वेळ म्हणा ना. यातून निघालेली एक जात आज कपडे धुण्याच्या पावडरीत पाणी मऊ करायला घालतात, आणि दुसरी जात आत्याच्या उशाशी आहे.

या दाण्यांचा महिमा एप्रिल 2021 मध्ये पाहायला मिळाला. राज्यात ऑक्सिजनसाठी पळापळ चाललेली असताना आयआयटी मुंबईत प्रा. मिलिंद अत्रे यांच्या गटाने कारखान्यांत असणारं नायट्रोजन बनवणारं संयंत्र घेतलं आणि ते ऑक्सिजन बनवणारं करून दाखवलं. मुख्य बदल होता दाण्यांचा. नायट्रोजनच्या संयंत्रात कोळशापासून केलेले दाणे असतात. त्यांच्या फटी इतक्या अरुंद, की किंचित बारीक असलेला ऑक्सिजन भराभर आत घुसून अडकतो आणि नायट्रोजन बाहेर पडतो. म्हणजे तिथे मात्र खरंच चाळणीसारखं चालतं! ते काढून झिओलाइट घातला, की गंगा उलटी. अडकायचा तो सुटला, सुटायचा तो अडकला. 93 ते 96 टक्के शुद्ध ऑक्सिजन मिळाला. त्याच वर्षी देशभरच्या रुग्णालयांत जी ऑक्सिजनची संयंत्रं बसली, त्यांतल्या कित्येकांचं तंत्र डीआरडीओने 'तेजस' विमानाच्या वैमानिकाला उंचावर ऑक्सिजन पुरवण्यासाठी विकसित केलेलं होतं. आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात अंतराळवीरांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड हवेतून वेचून काढायलाही झिओलाइटच आहे. आत्याला हे सांगितलं तर तिने विचारलं, "मग तिकडं लाइट जात नाही का?"

तिचा प्रश्न रास्त होता. मशीनचं सगळं विजेवर. इन्व्हर्टर आहे, शिवाय एक छोटा सिलिंडर कपाटामागे भरून ठेवलेला असतोच. पण विजेइतकाच दुसरा वैरी म्हणजे पाणी. झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाणी कितीतरी जास्त प्रिय. ओल एकदा खोल्यांत शिरून बसली की नुसता दाब सोडून हलत नाही, भट्टीत चांगलं तापवावं लागतं. सध्याच्या मशीनआधी आत्याकडे भाड्याने आणलेलं एक मशीन होतं. ते कुठल्याशा ओलसर गोदामात दोन पावसाळे बंद पडून होतं, असं नंतर कळलं. आवाज व्यवस्थित, फुस्स व्यवस्थित, नळीतून वाराही येत होता, पण शुद्धतेचा पिवळा दिवा लागला होता आणि आत्याच्या बोटावरचा आकडा चढेना. दोन दिवस आम्ही नळीच बदलत बसलो. तेव्हापासून घरात आवाजावर कुणी विश्वास ठेवत नाही, दिव्याकडे बघतात.

बाकी शिस्त आत्याने स्वतःच लावली आहे. जाळीचा फिल्टर दर रविवारी नळाखाली धुवायचा आणि पूर्ण वाळवूनच लावायचा. बुडबुड्यांच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटरच. देवघरातली समई दुसऱ्या खोलीत हलवली, कारण ऑक्सिजन स्वतः पेटत नसला तरी ठिणगीला वणवा करतो. आणि दम जास्त लागला म्हणून आपल्या मनाने नॉब फिरवायचा नाही. सीओपीडीच्या काही रुग्णांत जादा ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढतो आणि माणूस गुंगीत जाऊ शकतो. डॉक्टरांनी तिला बोटावरचा आकडा 88 ते 92 च्या मध्ये ठेवायला सांगितलं आहे. पंचाण्णव दिसले म्हणून शेजारच्या काकू खूश झाल्या, तर हिने त्यांना गप्प केलं.

परवा निघायच्या आदल्या रात्री मी शोकेसमधला तो दगड काढला. ओल्या फडक्याने पुसला, गुलाबी पेंढ्या लखलखल्या. तो घेऊन मशीनजवळ गेले आणि त्याला टेकवून खाली ठेवला. नातवाला बोलावलं. म्हटलं, हा बघ ह्याचा काका, विहिरीतला. आणि आतले दाणे हे त्याचे शहरात जाऊन शिकलेले पुतणे. तो गुडघ्यावर बसून एकदा दगडाला कान लावायचा, एकदा मशीनला. 'फुस्स' झालं की दचकायचा.

"झालं का तुमचं?" आत्या पलंगावरून म्हणाली. "मग तो धोंडा उचला तिथून. हवा ओढायची जाळी आहे ती, वीतभर मोकळी ठेवायला सांगितलीय."